दादाची कोठडी

"बॉट आहे. उडव," नईमभाई म्हणाले आणि डब्यातली पोळी मोडायला लागले.

माझ्या स्क्रीनवर एका कैद्याचा तक्ता उघडा होता. अकरा दिवस झाले, हा कैदी रोज दुपारी दोनला हजर. एक तास बर्फ फोडायचा, बरोबर अर्धा तास गप्प बसायचा, परत एक तास फोडायचा, परत अर्धा तास गप्प. पाचला गायब. अकरा दिवसांत एक दांडी नाही, एक शब्द बोलणं नाही, आणि स्क्रीनवरची टिचकी तर जवळजवळ कधीच चुकली नाही. माणूस एवढा शिस्तीचा नसतो. निदान आमच्या गेममध्ये तरी नसतो.

बॉट म्हणजे माणसाच्या जागी खेळणारा प्रोग्रॅम. कंटाळवाणं काम त्याच्या गळ्यात मारायचं आणि आपण हिंडायला मोकळं. ऑनलाइन गेममध्ये ही लबाडी समजतात. आणि उडवणं म्हणजे खातं कायमचं बंद करणं. एकदा बंद झालेलं खातं परत उघडायचं नाही, असा आमचा नियम आहे. तो मीच लिहिलेला आहे. पुढे या गोष्टीत जे जे नियम येतील तेही बहुतेक माझेच आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

मी गेम डिझायनर आहे. आमचं ऑफिस उस्मानपुऱ्यात, एका चष्म्याच्या दुकानाच्या वर. नातेवाइकांना वाटतं मी दिवसभर गेम खेळते आणि त्याचा पगार घेते. सासूबाई लग्नकार्यात 'ती कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं सांगून विषय बदलतात. खरं काम असं की, गेममध्ये कोणती गोष्ट किती अवघड, किती स्वस्त, आणि वाईट वागलं तर काय भोगावं लागणार, हे ठरवायचं. याला बॅलन्सिंग म्हणतात. तराजू धरून बसायचं. एका पारड्यात काही टाकलं की दुसरं वर जातं, आणि वर गेलेल्या पारड्यातले लोक फोन करतात.

आमचा गेम अंतराळातल्या व्यापाराचा. नाव सांगत नाही, कारण तो अजून चालू आहे. खेळणारे सगळे खरे लोक, बरेचसे आपल्याच भागातले, फोनवर खेळणारे. प्रत्येकाचं एक जहाज. या ग्रहावरचा माल त्या ग्रहावर नेऊन विकायचा. जहाजाला इंधन लागतं, ते बर्फापासून बनतं. ग्रहांच्या जवळ पोलीस असतात, मधल्या मोकळ्या पट्ट्यात नसतात. तिथं तुम्ही दुसऱ्याचं जहाज लुटू शकता. हे मुद्दाम ठेवलेलं आहे. लुटारू नसले तर व्यापारात भीती उरत नाही, आणि भीती नसली की लोक चार दिवसांत कंटाळतात. पण लुटारू फार माजले तर व्यापारी गेम सोडतात, मग लुटायला कोणी उरत नाही आणि लुटारूही निघून जातात. मग आम्ही चष्मे विकायचे.

हे सगळं सुरू व्हायच्या दोन महिने आधी व्यापारी खरोखरच सोडून चालले होते. गोरेंचा फोन आला. गोरे चितेगावच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत आणि आमच्या गेममधल्या सगळ्यात मोठ्या व्यापारी संघाचे पुढारी. कारखान्यात बोलतात त्याच आवाजात माझ्याशीही बोलतात.

"मॅडम, माझे निम्मे लोक बसून हायेत. माल न्यायला निघालं की पट्ट्यात कापायलेत. आन् तुमची शिक्षा काय, तर चार तास कोठडी. चार तासाला कोण भितंय? आमच्याकडं एक दिवस बिनपगारी केलं तरी माणूस त्याच्याहून जास्त हबकतंय."

कोठडी म्हणजे आमचा तुरुंग. पकडलेल्या लुटारूचं जहाज एका गोठलेल्या चंद्रावर अडकतं. तिथं बर्फावर भेग दिसते, तिच्यावर टिचकी मारायची, भेग सरकते, परत मारायची. टिचकी थांबली की शिक्षेचं घड्याळही थांबतं. म्हणजे फोन उशाशी ठेवून झोपलं तर शिक्षा सरत नाही. फुटलेला बर्फ ज्यांना लुटलं त्या व्यापाऱ्यांच्या गोदामात भरपाई म्हणून जमा होतो. ही कल्पना माझी, आणि मला ती फार आवडायची. गुन्हा करणारा राबतो, ज्याचं गेलं त्याला मिळतं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात छापावी अशी.

मी चाराचे चाळीस तास केले. सुटल्यावर महिन्याच्या आत परत लुटलं तर दुप्पट.

औषध लागू पडलं. पट्ट्यातली लूटमार कमी झाली. कोठडीतून एवढा बर्फ यायला लागला की इंधन स्वस्त झालं, आणि गेलेले व्यापारी हळूहळू परतले. गोरेंनी फोन करून "मॅडम, मानलं तुम्हाला" म्हटलं. नईमभाई म्हणजे कंपनीचे मालक. ते बाहेरच्या लोकांना माझी ओळख करून देताना 'हमारी जेलर' म्हणायला लागले. मला ते आवडत होतं, खोटं कशाला बोलू.

तर तो बॉट. उडवायच्या आधी एकदा विचारावं, असं मला वाटलं. आमच्याकडे कैद्यांशी बोलायला 'जेलर' नावाचं एक खातं आहे. त्यावरून मी लिहिलं, "कैदी, तू माणूस आहेस का? उत्तर दे, नाहीतर खातं कायमचं बंद होईल."

टिचकी थांबली. मिनिटभर काहीच नाही.

"देख, बोललो ना," नईमभाई म्हणाले.

मग उत्तर आलं. ते इंग्रजी अक्षरांत मराठी होतं, मी इथं सरळ करून लिहिते. "व्हय सर. माणूस हाये. खातं बंद नका करू. किती तास ऱ्हायले?"

"अठरा. तुला समोर दिसतात की."

"दिसतेत. पण दादा म्हणतो मी खोटं सांगते. म्हणून इचारलं."

"दादा कोण?"

"खातं ज्याचं हाये तो. मी बहीण."

नईमभाईंनी डबा बाजूला सरकवला आणि खुर्ची माझ्या जवळ आणली. मी लिहिलं की मी सर नाही, बाई आहे. त्यावर ती जरा मोकळी झाली आणि 'ताई' म्हणायला लागली. तुकड्यातुकड्यानं कळलं ते असं. घर देवगाव रंगारीला. वय एकोणीस. बारावी झालेली, दीड महिन्यावर नर्सिंगची प्रवेश परीक्षा. क्लास लावायची ऐपत नाही, पण मैत्रिणीच्या ओळखीनं एका क्लासची लेक्चरं फोनवर बघायला मिळाली होती. घरात बरा फोन एकच, तो दादाचा. दादा सकाळी एका दुकानात कामाला, दुपारी जेवून दोन ते पाच झोपतो, आणि जहाज मोकळं असलं की संध्याकाळी पट्ट्यात लुटायला बसतो.

"दादा झोपला की मी बसते," तिनं लिहिलं. "एक तास खोदलं की अर्धा तास लेक्चर बघू देतो. उठल्यावर तास मोजतो."

तो अर्धा तास गप्प बसणारा प्रोग्रॅम म्हणजे लेक्चर बघणारी पोरगी होती. मी तक्त्याकडे बघत राहिले आणि मनात हिशेब केला. रोज हातात फोन तीन तास, त्यातले दोन माझ्या कोठडीत. आधीच्या चार तासांच्या शिक्षेत हे दोन दिवसांत आटोपलं असतं. चाळीस मी केले होते.

"घरचा मामला आहे, वैशाली," नईमभाई म्हणाले. "आपण गेम बनवतो. लोकांची घरं नाही बनवत."

"पण शिक्षा तिला होतेय."

"खात्याला होतेय. खात्यावर कोण बसतं ते आपण कसं बघणार?"

बोलणं चुकीचं नव्हतं. तरी त्या आठवड्यात मी बाकीच्या कैद्यांचे तक्ते काढले. प्रत्येकाची टिचकी वेगळी असते. कोणाची घाईची, कोणाची संथ, कोणी डाव्या हाताचा. लुटताना जो हात दिसायचा तो आणि कोठडीत बर्फ फोडणारा हात, हे लांब शिक्षेच्या बऱ्याच खात्यांवर जुळत नव्हते. कोणाची बायको असेल, कोणाचा रिटायर्ड बाप, कोणाचा बसून खाणारा मेहुणा. चाळीस तासांनी मी लुटारूंना धडा शिकवला असं मला वाटत होतं. सुधारले होते ते, ज्यांचं घरात कोणी ऐकत नव्हतं. ज्यांचं ऐकत होतं, त्यांना चार काय आणि चाळीस काय.

हे मला आधी कळायला हवं होतं, याचा राग मला सगळ्यात जास्त येतो. माझ्या भावाला शाळेत पाचशे वेळा लिहायची शिक्षा मिळाली की त्यातल्या तीनशे ओळी मी लिहायचे. त्याच्यासारखं तिरकं अक्षर काढायला मी त्यातच शिकले. आई म्हणायची, लिही गं, भाऊ आहे तुझा. त्या घरात वाढलेल्या बाईनं शिक्षेचा नियम लिहिला आणि शिक्षा कोण भोगणार हे ज्याचं त्याच्यावर सोडलं.

पहिला उपाय मी त्याच आठवड्यात, कोणाला न विचारता केला. तिचे, म्हणजे त्या खात्याचे, उरलेले तास माफ करून टाकले. जेलरला तेवढा अधिकार असतो. तिला लिहिलं, "उद्यापासून सुटलीस. अभ्यास कर."

"खरं का ताई? लई उपकार झाले."

दादा संध्याकाळी उठला, जहाज मोकळं दिसलं, आणि तो सरळ पट्ट्यात गेला. पहिल्याच तासात गोरेंच्या संघाची तीन जहाजं लुटली आणि पकडला गेला. सुटल्यावर महिन्याच्या आत परत लुटलं तर दुप्पट. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ती कोठडीत हजर होती.

"ताई, तुम्ही सोडलं म्हणलात. आज ऐंशी दाखवायलंय."

मी चुकून झालं, बघते, असं काहीतरी लिहिलं. ती बर्फ फोडायला लागली. तेवढ्यात गोरेंचा फोन.

"मॅडम, माझी तीन जहाजं गेली. तुम्ही चोराला मोकळं सोडायलेत व्हय? आम्ही कामून खेळायचं मग?"

त्यांनाही बघते म्हणाले. माझ्या माफीनं गोरेंचा माल गेला आणि तिचे अठराचे ऐंशी झाले. दादाचं काहीच गेलं नाही.

दुसरा उपाय सरळ होता. लुटारू अट्टल आहे, खातंच कायमचं बंद करायचं. नियमात बसत होतं. यावेळी मात्र मी आधी तिला विचारलं.

"नका करू ताई," ती म्हणाली. "त्याला वाटंल मीच काहीतरी चुकीचं दाबलं. मागं एकदा माझ्या हातून जहाज फुटलं तव्हा चार्जर फेकून मारला. भुवईवर टाके पडले. आई म्हणली, तू कामून हात लावतीस."

मी उठून गॅलरीत गेले. खाली दुकानात कोणीतरी भिंतीवरची अक्षरं मोठ्यानं वाचत डोळे तपासून घेत होतं. मला रडू आलं नाही, डोकं फिरलं होतं. कोणतंही बटण दाबलं तरी चटका त्या एकाच पोरीला बसत होता. शिक्षा वाढवली तर ती राबते. माफ केली तर दुप्पट राबते. खातं उडवलं तर मार खाते.

तेव्हा तिसरा उपाय ठरवला. कोठडीच काढायची.

राबणं हीच शिक्षा असली की ती दुसऱ्याच्या अंगावर ढकलता येते. मग शिक्षा अशी हवी की जिच्यात कोणालाच काही करावं लागणार नाही. नव्या नियमाचं नाव मी कुलूप ठेवलं. लुटताना पकडला गेला की त्याच्या तोफांना दहा दिवस कुलूप. दिवस कॅलेंडरचे, आपोआप सरणारे. जहाज चालवता येईल, माल नेता येईल, फक्त लुटता येणार नाही. कोणी बसा, नका बसू, दहा म्हणजे दहा. बहिणीला, बायकोला, बापाला या शिक्षेत काहीच काम उरत नव्हतं.

नईमभाईंना पटेना. "कोठडीचा बर्फ बंद झाला तर इंधन महागणार. इंधन महागलं तर गोरे आणि त्यांची अख्खी फौज परत जाणार. तू व्यापारी परत आणलेस, तूच घालवणार?"

"बर्फाचे नवे खडक टाकू. व्यापारी स्वतः फोडतील."

"फुकटचं मिळत होतं ते फोडतील का? नक्को बाबा. चालत्या गाडीला हात लावू नको."

मी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. समोर तिच्या टिचक्या येत होत्या. एका भेगेवर एक, संथ, न चुकता. तासभर मी त्यांना तिथंच बसवून ठेवलं. मध्ये एकदा टिचक्या थांबल्या आणि तिनं आपणहून लिहिलं, "ताई, आई हाक मारायलीय. जाऊन येते. तेवढं घड्याळ चालू ऱ्हाईल का?"

नईमभाईंनीच माझ्या कीबोर्डवर उत्तर लिहिलं. "चालू राहील. जाऊन ये बेटा." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "काढ. पण इंधन सांभाळ. इंधन गेलं तर मी तुला ओळखत नाही."

पुढचे तीन आठवडे मी तेवढंच केलं. कोठडी काढणं म्हणजे फळीचा खिळा काढण्यासारखं नसतं, फळीवर काय काय ठेवलंय ते आधी उतरवावं लागतं. बर्फाचे खडक कुठं टाकायचे, किती टाकायचे, इंधन किती महाग होऊ द्यायचं. गोरेंना दोनदा ऑफिसला बोलावलं. ते चहा घेत माझे तक्ते बघायचे आणि मान हलवायचे. "चोराला कष्ट नकोत, नुसतं कुलूप. बघा बाई. आमच्या कारखान्यात असं केलं तर लोक रांग लावतील." पण दुसऱ्या वेळी त्यांनीच एक गोष्ट सुचवली. कुलूप लागलेल्या माणसाला माल नेताना करात थोडी सूट द्यायची. "दहा दिवस करंल काय तो? बसून ऱ्हाईल नायतर गेम सोडंल. त्याला धंद्याला लावा. एकदा चार पैसे सुटायला लागले की चोरसुद्धा दुकान टाकतंय."

सूचना उत्तम होती. मी ती घेतली.

या तीन आठवड्यांत ती रोज दुपारी दोनला यायची आणि मी रोज दोन शब्द बोलायचे. कोणता धडा चालू आहे, काय अवघड जातं. फिजिक्स तिला जड जात होतं. एकदा तिनं विचारलं, "ताई, खरं दवाखान्यात रक्त बघून चक्कर येती का पहिल्यांदा?" मला काय माहीत, मी आपलं सवय होते म्हणून सांगितलं. तिचे तास मला हवे तेव्हा कमी करता आले असते, पण एकदा हात पोळले होते. म्हटलं, आता एकदाच काय ते मुळापासून करू.

अपडेट तयार झालं. अपडेट म्हणजे गेमची नवी आवृत्ती, ती सगळ्यांच्या फोनवर जाते. तपासणीला पाठवलं, मंजुरी आली, सोमवारी सकाळी सुरू होणार होतं. शुक्रवारी दुपारी ती आली तेव्हा मला कधी एकदा सांगते असं झालं होतं.

"एक आनंदाची बातमी आहे. सोमवारपासून कोठडी बंद. कोणालाच नाही. आता तुला कधीच बर्फ फोडावा लागणार नाही."

टिचक्या थांबल्या.

मला वाटलं तिला खरं वाटत नसेल. मी परत लिहिलं, "पक्कं आहे. दादानं कितीही लुटलं तरी तुझ्यावर येणार नाही."

मग उत्तर आलं.

"मंग फोन कशाला दील तो मला?"

मी ते वाचलं. मग परत वाचलं. एक तास खोदलं की अर्धा तास लेक्चर, हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी तो एक तास धरून बसले होते. तो अर्धा तास तिला फुकट मिळतोय आणि माझ्या कोठडीनं त्यात वाटा मागितलाय, असा माझा समज. उलट होतं. दादाला तिची गरज होती म्हणून फोन तिच्या हातात येत होता. त्या घरात तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं, आणि ते मी सोमवारपासून बंद करत होते.

"दादाला सांग ना, परीक्षा आहे म्हणून," मी लिहिलं. लिहितानाच कळत होतं की हे मूर्खासारखं आहे.

म्हणून लगेच पुढे लिहिलं.

"आमच्या ऑफिसात जुने फोन पडलेत. पत्ता दे. मी एक पाठवून देते."

"नका पाठवू ताई. कोणी दिला, कामून दिला, सगळे इचारतील. माझं भायेर जाणंच बंद होईल."

"परीक्षा कधी आहे?"

"सोळा दिवस ऱ्हायले. हॉल तिकीट पण फोनवरच येणार हाये."

मग म्हणाली, "जाऊ द्या. तुम्ही चांगल्यासाठीच केलं. आज अन् उद्या, दोन दिवस हायेत ना कोठडी?"

"रविवारपण आहे," मी लिहिलं.

"मंग तीन. बसते आता."

आणि ती परत बर्फ फोडायला लागली. त्या दिवशी तिनं अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास लेक्चर बघितलं. उठल्यावर दादानं मोजलं असेल तर काय झालं असेल, मला माहीत नाही.

मी नईमभाईंच्या केबिनमध्ये गेले. अपडेट थांबवा म्हणायला गेले होते. ते कोणाशीतरी फोनवर बोलत होते, मला हातानं बसायची खूण केली. फोन ठेवून म्हणाले, "बोल." मी नव्या खडकांतून बर्फ किती निघेल याबद्दल पाच मिनिटं बोलले आणि बाहेर आले. एका पोरीच्या हातात फोन राहावा म्हणून बाकीच्या घरांतल्या बायका आणि म्हाताऱ्यांनी बर्फ फोडत बसावं, असं कोणत्या तोंडानं सांगणार होते? आणि तीन आठवडे मीच सगळ्यांच्या मागे लागले होते. शरम वाटली, हेही खरं आहे.

शनिवारी आणि रविवारी ऑफिस बंद असतं. मी घरून बघितलं. दोन्ही दिवस ती दोनला आली, पाचला गेली. मी जेलरच्या खात्यावरून काही लिहिलं नाही. रविवारी पाचला पाच मिनिटं कमी असताना तिनं लिहिलं, "येते ताई." मी उत्तर टाइप करेपर्यंत ती गेली होती.

सोमवारी कुलूप सुरू झालं. इंधन पहिले चार दिवस महागलं, मग व्यापारी स्वतः खडक फोडायला लागले आणि भाव बसला. गोरेंनी सुचवलेली सूट तर फारच चालली. कुलूप लागलेले लुटारू खरोखर माल वाहायला लागले. काहींना ते एवढं मानवलं की कुलूप उघडल्यावरही त्यांनी तोफा विकून मोठी गोदामं घेतली. लूट, व्यापार आणि शिक्षा यांचा एवढा सरळ उभा राहिलेला तराजू मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिलेला नाही. नईमभाईंनी पेढे आणले. गोरेंचा फोन आला, "मॅडम, तुमच्यापुढं हात जोडले."

दादाही सुधारला. उरलेल्या कोठडीच्या जागी त्याच्या तोफांना कुलूप लागल्यावर तो दोन दिवस आलाच नाही, मग एक खेप करून बघितली, मग रोज करायला लागला. करात सूट असल्यानं त्याला बरं सुटायचं. आता तो दुपारी झोपत नाही. दोन ते पाच त्याचं जहाज चालू असतं, आणि टिचक्या त्याच्याच असतात, घाईच्या, निम्म्या चुकलेल्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम बघितलं. त्या दुपारी त्यानं चार खेपा केल्या होत्या. परीक्षेच्या दिवशी सकाळपासून पाच.

तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. जेलरचं खातं कोठडीबरोबरच बंद झालं, आणि तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.

आता आमच्याकडे नवीन डिझायनर येतात तेव्हा त्यांना मी हे सांगते. म्हणते, शिक्षा लिहिताना खातं म्हणजे माणूस असं धरू नका. खात्याच्या मागे घर असतं, आणि त्या घरात तुमच्या शिक्षेचा कोणी काय उपयोग करून घेतलाय, ते तक्त्यात दिसत नाही. ते लिहून घेतात. मग त्यातला एखादा हुशार विचारतो की मॅडम, मग त्या केसमध्ये बरोबर उत्तर काय होतं. मी सांगते की कुलूप बरोबर होतं. आजही मी तेच लिहीन.